पूर्वकर्म, प्रधानकर्म, पश्चात्कर्म : पायाच्या धमनीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

(मिरकरवाडा, रत्नागिरी इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



समोर बसलेले निम्मे चेहरे आमच्या ओळखीचे आहेत, कारण आमचं आजोळ इथलंच. मे महिन्याच्या सुट्टीत यायचो, तेव्हा जेटीवर जाळी शिवत बसलेल्या माणसांकडे तासन्‌तास बघत बसायचो. आज बोलणार आहोत तेही शिवण्याबद्दलच आहे, फक्त ते पायातल्या रक्तवाहिनीचं शिवणं आहे. आधीच सांगून टाकतो, आम्ही डॉक्टर नाही, इतिहासाचे विद्यार्थी आहोत. आज जे ऐकाल ते समजून घ्या, पण औषध, पथ्य, तारीख हे सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

हा विषय का घेतला, ते सांगतो. आमचे मामा याच बंदरातून मासेमारीला जाणाऱ्या होडीवर तांडेल होते. जेटीवरून घरी येताना त्यांना वाटेत दोनदा थांबावं लागायचं. पोटरीत गोळा यायचा. दोन मिनिटं उभे राहिले की जायचा, पुन्हा तेवढंच अंतर चालले की पुन्हा यायचा. घरचे म्हणायचे, वय झालं. मामा म्हणायचे, "बंदीत बघू."

जे ऑनलाइन ऐकतायत त्यांच्यासाठी सांगायला हवं. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होडी वर ओढायची, इंजिन उघडायचं, जाळी दुरुस्त करायची, कोर्टाचं काम, दाढेचं दुखणं, सगळं त्या दोन महिन्यांत. पायाचं दुखणंही त्याच यादीत गेलं. जून उजाडला तेव्हा मामांच्या अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. पुढे काय झालं ते शेवटी सांगू. आधी थोडं मागे जाऊ.

सुश्रुताची तीन कर्मं

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात शस्त्रक्रियेचे तीन भाग सांगितले आहेत : पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. म्हणजे आधीची तयारी, प्रत्यक्ष काम आणि नंतरची निगा. वाहणारं रक्त थांबवायचे चार उपायही त्याच ग्रंथात आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट पदार्थांनी जखमेची तोंडं मिळवायची, गारव्याने रक्त गोठवायचं, क्षार किंवा राखेने, आणि शेवटी डाग देऊन. धमनी शिवायची कला तिथं आहे असा दावा आम्ही करणार नाही. पण ही तीन भागांची मांडणी फार उपयोगाची आहे. पायाच्या धमनीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगायला बसलं, की माणसं फक्त मधल्या कर्माबद्दल बोलतात. कुणी कापलं, कुणी शिवलं, कुणाला नोबेल मिळालं. आम्हाला मात्र वाचताना असं दिसत गेलं, की मधलं कर्म जसजसं सुधारलं, तसतसं पायाचं भवितव्य उरलेल्या दोन कर्मांवर येऊन ठेपलं. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीबद्दल आहे.

दोरा बांधला, तरी पाय जगला

सोळाव्या शतकापर्यंत युरोपात पाय सडला की कापायचा आणि रक्त थांबवायला तापलेलं लोखंड लावायचं, हीच पद्धत. फ्रान्समध्ये आंब्रोआज पारे नावाचा लढाईवर जाणारा न्हावी-शल्यचिकित्सक होता. त्याने १५५२ च्या सुमारास पाय कापल्यावर रक्तवाहिनी दोऱ्याने बांधायला सुरुवात केली. डाग देणं टळलं. पण पाय जायचा तो जायचाच.

पुढची मोठी गोष्ट डिसेंबर १७८५ ची, लंडनची. सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये घोडागाडी हाकणारा एक माणूस आला. गुडघ्यामागची धमनी फुगून फुग्यासारखी झाली होती. फुटली तर माणूस जाणार, नाहीतर पाय कापायचा. जॉन हंटर या शल्यचिकित्सकाने वेगळंच केलं. फुग्याला हातच लावला नाही. वर मांडीत धमनी दोऱ्याने बांधून टाकली. लोकांना वाटलं, मुख्य पाणीच बंद केलं, आता खालचं शेत वाळणार. पण पाय जगला. जानेवारी संपायच्या आत तो माणूस घरी गेला आणि पुन्हा गाडी हाकू लागला.

हे कसं झालं? कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. मोठा पऱ्या दरडीने अडला, तर पाणी आजूबाजूच्या चार लहान वहाळांतून वाट काढतं. मांडीत मुख्य धमनीच्या शेजारी बारीक वाहिन्या असतात. मुख्य रस्ता हळूहळू अडला, तर त्या रुंद होतात. शरीर स्वतःच आडवाट तयार करतं. फक्त त्याला वेळ लागतो. हंटरच्या रुग्णाला तो वेळ मिळाला. 'वेळ' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे दोन वेगळ्या अर्थांनी लागणार आहे.

लंगडणारा घोडा

आता मामांच्या पोटरीतला गोळा. त्याचा शोध माणसात लागला नाही, आधी घोड्यात लागला. १८३१ मध्ये फ्रान्समधल्या बुले नावाच्या पशुवैद्याने गाडीला जुंपलेल्या एका घोड्याबद्दल लिहिलं. घोडा उभा असताना ठीक, थोडं धावला की लंगडायचा, थांबला की पुन्हा ठीक. मेल्यावर पाहिलं तर मागच्या पायांच्या धमन्या गुठळ्यांनी बंद झालेल्या. १८५८ मध्ये पॅरिसच्या शार्को यांनी हेच माणसात दाखवलं.

गंमत बघा. स्नायूला बसल्या जागी थोडं रक्त पुरतं. चालायला लागलं की कितीतरी पट जास्त लागतं. अरुंद धमनी तेवढं देऊ शकत नाही, म्हणून स्नायू ओरडतो. थांबलं की मागणी कमी होते, ओरडणं थांबतं. वैद्यकात याला क्लॉडिकेशन म्हणतात, मूळ लॅटिन अर्थ लंगडणं. ठरावीक अंतरावर येणारा आणि थांबल्यावर जाणारा गोळा वयामुळे येत नाही. ती अडलेल्या धमनीची पहिली हाक असते. दुसरी हाक रात्री येते. झोपल्यावर पाऊल इतकं ठणकतं की माणूस पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून बसतो. तिसरी हाक म्हणजे न भरणारी जखम, काळं पडणारं बोट. मामांनी पहिल्या दोन्ही ऐकल्या होत्या. आम्हीही ऐकल्या होत्या.

सुई-दोरा आणि रक्त गोठू न देण्याची विद्या

जून १८९४. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो ल्योन शहरात आले असता त्यांच्यावर सुरीचा वार झाला. पोटातली मोठी नीला कापली गेली. शहरात नावाजलेले शल्यचिकित्सक होते, पण कापलेली रक्तवाहिनी शिवायची रीत कुणालाच माहीत नव्हती. राष्ट्राध्यक्ष गेले. त्याच शहरात अलेक्सी कारेल नावाचा तरुण वैद्यकीय विद्यार्थी होता. त्याला हे सहन झालं नाही. ल्योन हे रेशमाचं गाव. तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे तो बारीक सुई आणि बारीक दोरा चालवायला शिकला.

१९०२ मध्ये त्याने आपली पद्धत छापली. गोल नळीची दोन तोंडं जोडताना अडचण अशी, की टाका ओढला की तोंड चुरमडतं. कारेलने तीन ठिकाणी तीन आधाराचे टाके घातले आणि ते ताणून धरले. गोलाचा त्रिकोण झाला, तीन सरळ बाजू मिळाल्या, त्या शिवणं सोपं झालं. इथल्या जाळी शिवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. फाटलेला भाग सैल ठेवून कुणी शिवतं का? आधी ताणून धरतात, मगच सुई घालतात. कारेलला याच कामाबद्दल १९१२ चं नोबेल मिळालं.

म्हणजे प्रधानकर्माची रीत १९०२ मध्ये हातात आली. मग पायाच्या अडलेल्या धमन्या लगेच उघडायला लागल्या का? नाही. आणखी ४४ वर्षं गेली. कारण शिवलेल्या जागी रक्त गोठायचं. १९१६ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला. त्याचे शिक्षक हॉवेल यांनी त्या वाटेने पुढे काम करून अशा पदार्थाला हेपारिन हे नाव दिलं. माणसाला देण्याइतकं शुद्ध हेपारिन मिळायला १९३० चं दशक उजाडलं.

त्यानंतर मात्र धडाधड घडलं. लिस्बनमध्ये रेनाल्दो दुश सांतुश यांनी १९२९ मध्ये महाधमनीत औषध सोडून तिचं क्ष-किरण चित्र काढून दाखवलं होतं. त्यांचे चिरंजीव जुआंव सिद दुश सांतुश यांनी १९४६ मध्ये पायाची धमनी उघडून आतला कठीण थर खरवडून काढला आणि धमनी पुन्हा शिवली. आपला शेजारचा गोवा तेव्हा त्याच लिस्बनच्या अमलाखाली होता.

दोन वर्षांनी, जून १९४८ मध्ये, पॅरिसमध्ये झाँ कुनलँ यांच्यापुढे एक रुग्ण होता. तेव्हाचे माहीत असलेले उपाय करून झाले होते, तरी पाऊल ठणकत होतं, जखम भरत नव्हती. कुनलँ यांनी त्याच्याच पायातली कातडीखालची लांब नीला काढली आणि अडलेल्या भागाच्या वर आणि खाली जोडली. शहराबाहेरून वळणरस्ता काढावा तसं. हेच आजचं बायपास.

यात एक बारकावा आहे. नीलेच्या आत झडपा असतात, त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. आपल्याकडे खारभूमीच्या बंधाऱ्याला उघाडी असते ना? ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते, भरतीला दार आपोआप मिटतं आणि खारं पाणी शेतात येत नाही. अगदी तशीच रचना. म्हणून नीला धमनीच्या जागी लावताना उलटी करून लावावी लागते, नाहीतर सगळी दारं बंद. पुढे अमेरिकेत मायकेल डिबेकी यांनी १९५० च्या दशकात शिलाई मशीनवर डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या शिवल्या. त्या पोटातल्या मोठ्या धमनीला उत्तम चालल्या. पण गुडघ्याखाली आजही आपलीच नीला सरस ठरते.

गळाला पिस बांधणारा मुलगा

इथं बसलेल्यांना आवडेल अशी एक गोष्ट. पायाच्या धमनीत गुठळी अचानक येऊन अडकली, तर ती काढायला पूर्वी मोठमोठे छेद घ्यावे लागत. अमेरिकेत टॉमस फोगार्टी नावाचा तरुण होता, त्याला गळाने मासे पकडायचा नाद. गळाला बारीक दोऱ्याने पिसं बांधून खोटी माशी बनवण्यात त्याचा हात बसलेला. त्याने रबरी हातमोज्याच्या करंगळीचं टोक कापलं आणि त्याच गाठींनी बारीक नळीच्या टोकाला बांधलं. नळी गुठळीच्या पलीकडे सरकवायची, फुगा फुगवायचा, आणि ओढून घ्यायचं. गुठळी बाहेर. हे काम १९६३ मध्ये छापून आलं. जगभर ही नळी फोगार्टीच्या नावाने ओळखली जाते.

पुढच्याच वर्षी, १६ जानेवारी १९६४ ला, पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका आजींची मांडीतली धमनी छेद न घेता, आतून नळ्या सरकवून रुंद केली. डॉक्टरांनी पाय कापायला सांगितलं होतं, आजींनी साफ नकार दिला होता. त्या पुढे आपल्याच पायांवर चालल्या. १९७४ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीला फुगा जोडला. आज आपण ज्याला पायाची अँजिओप्लास्टी म्हणतो, ती तिथून आली. हृदयाची अँजिओप्लास्टी त्यानंतरची, १९७७ ची.

आपल्या मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात, जे १९२६ मध्ये सुरू झालं, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या गटाने हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांवर काम केलं. १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण त्यांनी केलं, तो रुग्ण काही तासच जगला. पण त्याआधीपासून महाधमनीच्या आजारांवर त्यांचा अभ्यास चालू होता. केईएम गिरणगावात आहे आणि गिरणगाव म्हणजे रत्नागिरीच्या चाकरमान्यांचं दुसरं गाव. इथला माणूस तिथं आला, की गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायची आणि सकाळी रांगेला उभं राहायचं. घाटावर मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं रुग्णालय होतं, तिकडे बोट दाखवणारेही होते. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली, तोवर मुंबई म्हणजे रात्रभराची एसटी. ठणकणारा पाय घेऊन रात्रभर एसटीत बसणं कसं असेल, विचार करा.

खर्चाची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये राज्याने आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू केली, २०१३ च्या अखेरीस ती राज्यभर आली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियाही तिच्यात बसतात. जाण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. हेही पूर्वकर्मच.

पूर्वकर्म : ऑपरेशनच्या आधी

मग आजच्या काळातलं बाकीचं पूर्वकर्म काय? पहिली तपासणी अगदी साधी. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्त असतो. भागाकार ०.९ च्या खाली आला तर धमनी अडल्याची शंका. जुना मधुमेह असेल तर धमनीची भिंत चुन्यासारखी कडक होते आणि आकडा खोटा चांगला दिसतो, म्हणून मधुमेही माणसाने नुसत्या आकड्यावर विसंबू नये. पुढे डॉपलर, मग गरज पडली तर सीटी अँजिओग्राफी. तिच्यात शिरेतून औषध सोडतात, ते मूत्रपिंडावर ताण आणू शकतं. म्हणून आधी रक्ताची तपासणी, आणि मधुमेहाची गोळी कुठली चालू आहे ते न लपवता सांगणं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका, विचारा. हृदयाची तपासणी होते, कारण ज्याच्या पायाच्या धमन्या अरुंद त्याच्या हृदयाच्याही असू शकतात. पायाचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक कापलं तरी जंतूंना दार मिळतं. आदल्या रात्रीचा उपास सांगतील तसाच पाळा.

आणि तंबाखू. इथं आम्हाला पुन्हा इतिहासाकडे जावं लागतं. न्यूयॉर्कच्या लिओ ब्यूर्गर यांनी १९०८ मध्ये कापलेले ११ पाय तपासून तरुण माणसांच्या धमन्या बंद करणाऱ्या एका आजाराचं वर्णन केलं. त्याआधी १८७९ मध्ये फॉन विनिवार्टर यांनी असाच एक रुग्ण मांडला होता. पुढच्या काही दशकांत एक गोष्ट पक्की झाली : हा आजार तंबाखूशी बांधलेला आहे. आपल्या देशात विडी ओढणाऱ्या, अंगमेहनत करणाऱ्या तरुण पुरुषांत तो कितीतरी दिसला. यात सगळ्यात चांगलं औषध कुठलं, तर तंबाखू पूर्ण सोडणं. ज्यांनी सोडली त्यांचे पाय बहुतेक वाचले, ज्यांनी चालू ठेवली त्यांचं आधी बोट, मग पाऊल, मग पाय गेला. वयोमानाने येणाऱ्या आजारालाही हेच लागू. विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, मशेरी, सगळं त्यातच आलं. आमच्या मावश्या म्हणतात, "मशेरी काय, दात घासायला." दात घासायला असली तरी ती तंबाखूच आहे, मावशी.

सहा तास

मघाशी 'वेळ' हा शब्द लक्षात ठेवायला सांगितला होता. धमनी वर्षानुवर्षं हळूहळू अडली, तर शरीर आडवाट काढतं. पण गुठळी अचानक येऊन अडकली, तर आडवाटेला वेळच नसतो. पाय एकाएकी दुखतो, पांढरा पडतो, गार लागतो, मुंग्या येतात, बोटं हलेनाशी होतात, नाडी लागत नाही. साधारण सहा तासांत रक्त परत सुरू झालं नाही, तर स्नायू मरू लागतात. फोगार्टीचा फुगा कितीही चांगला असो, तो सहा तासांच्या आत पायापर्यंत पोचला पाहिजे.

आता आपला हिशेब मांडा. कोल्हापूर आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटर. मुंबई त्याच्या अडीच पट. आणि माणूस होडीवर असेल तर? नाखवा मंडळी बसली आहेत, त्यांना आम्ही हात जोडून सांगतो. खलाशाचा पाय एकाएकी गार पडला, तर जाळं ओढून होईपर्यंत थांबू नका. होडी फिरवा, किनाऱ्यावर आधीच फोन लावा, १०८ जेटीवर उभी राहू दे. पाय शेकू नका, चोळू नका, उंच धरू नका. तो खलाशी नेपाळचा असेल, कर्नाटकातला असेल, भाषा कळत नसेल. पाय गार आहे हे हाताला कळतं.

पश्चात्कर्म : घरी आल्यावर

जुन्या काळी मोठ्या ऑपरेशननंतर माणसाला दोन-दोन, तीन-तीन आठवडे खाटेवर निजवून ठेवत. १८९९ मध्ये शिकागोच्या एमिल रीस यांनी रुग्णांना लवकर उठवावं असं मांडलं. कुणी फारसं ऐकलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा आणि माणसं कमी पडू लागली, तेव्हा ती गोष्ट मान्य झाली. आज पायाच्या बायपासनंतर जमेल तर एक-दोन दिवसांत उभं करतात. घरच्यांना वाटतं डॉक्टर निर्दय आहेत. तसं नाही. पडून राहिल्याने नीलांत गुठळ्या होतात, फुप्फुसं भरतात.

चालण्याचंही तसंच. जर्मनीच्या एर्ब यांनी १८९८ मध्येच अशा रुग्णांना चालायला लावावं असं म्हटलं होतं. १९६६ मध्ये डेन्मार्कच्या लार्सन आणि लासन यांनी तुलना करून दाखवलं, की रोज नेमाने चालणाऱ्यांचं अंतर वाढतं. रीत अशी : गोळा येईपर्यंत चालायचं, थांबायचं, गेला की पुन्हा चालायचं. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा तरी, तीन महिने. ऑपरेशन झालं असेल तर कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. पाऊल काळं पडलेलं असेल किंवा बसल्या जागी दुखत असेल, तर हा उपाय नाही, तेव्हा सरळ डॉक्टर.

ऑपरेशननंतर पाय सुजतो, काही आठवडे, कधी काही महिने. घाबरू नका, बसताना पाय स्टुलावर ठेवा, तासन्‌तास लोंबकळत ठेवू नका. जांघेतली जखम घामाने ओली राहते, ती रोज पुसून कोरडी ठेवा. जड पेट्या, बर्फाची लादी उचलणं महिना-दीड महिना नको. रक्त पातळ करणारी आणि चरबीची गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. ठरलेल्या तारखांना डॉपलर करून घ्यायचं, कारण नवा रस्ता अरुंद होऊ लागला तर तो बंद व्हायच्या आधी कळला पाहिजे. रोज रात्री तळवे बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला दाखवायचे. आपल्याकडे पाय दिवसभर खाऱ्या पाण्यात, माशाचा काटा रुततो, मधुमेहात ते कळतही नाही. अनवाणी चालू नका. आणि पाय एकाएकी गार पडला, जखमेतून रक्त किंवा पू आला, ताप भरला, तर त्याच तासाला निघायचं.

मामा

आता राहिलेली गोष्ट. मामांचं ऑपरेशन मुंबईत झालं. पायातलीच नीला काढून बायपास केलं. दोन बोटं गेली, पाय वाचला. महिन्याने ते जेटीपर्यंत न थांबता चालत गेले, तेव्हा सगळ्या वाडीने पाहिलं. आम्हाला वाटलं, झालं. काम संपलं.

घरी पाठवताना रुग्णालयाने एक कागद दिला होता. इंग्रजीत. कुणी समजावून सांगितला नाही, आम्हीही वाचला नाही. तो रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गेला. सहा महिन्यांनी विडी परत सुरू झाली. आम्ही बघत होतो. पाय बरा झालाय, एक-दोन विड्यांनी काय होतंय, असं आम्हीच म्हणालो असू. डॉपलरच्या दोन तारखा चुकल्या. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये पाय गार पडला. हंगाम नुकताच उघडला होता. मामा म्हणाले, "नारळी पौर्णिमा होऊ दे, मग जाऊ." तीन दिवस. गुडघ्याखाली पाय गेला.

ते पुढे जयपूर फूट लावून चालत. १९६८ मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो बनवला, अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या, चिखलपाण्यात उतरणाऱ्या आपल्या माणसांसाठी. त्या पायाने मामा जेटीवर यायचे. होडीवर मात्र पुन्हा चढले नाहीत.

ते गेल्यावर कागदपत्रं काढताना तो कागद हाताला लागला. आम्ही पहिल्यांदा वाचला. रोज चाला. कुठल्याही रूपात तंबाखू नको. या तारखांना तपासणी. पाऊल गार पडलं तर ताबडतोब या. चार ओळी. पारेपासून डॉटरपर्यंत चारशे वर्षांचं शहाणपण त्या चार ओळींत होतं आणि तो कागद दीड वर्ष साखरेच्या डब्यामागे पडून होता.

रुग्णालयाने तो मराठीत द्यायला हवा होता, समजावून सांगायला हवा होता. हे आम्ही जिथं जिथं बोलतो तिथं सांगतो. पण शाळा-कॉलेज शिकलेले आम्ही त्या घरात होतो. विचारायला आमचं तोंड कुणी बांधलं नव्हतं.

म्हणून आज एवढंच मागतो. ज्यांच्या घरी असा कागद आहे, त्यांनी तो आज रात्री काढा. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला, मुलीला मोठ्याने मराठीत वाचायला सांगा, सगळ्यांनी ऐका. ज्यांना जेटीवरून येताना थांबावं लागतं, त्यांनी बंदीची वाट बघू नका. फाटलेलं जाळं जूनपर्यंत तसंच ठेवता येतं. पायाला ती सवलत नाही.

आता प्रश्न विचारा. आणि मागच्या रांगेतले काका, मघापासून पोटरी चोळताय, तुमच्यापासूनच सुरुवात करू.